रफार नसलेला महोत्सव

मला अक्षर येतं, शुद्धलेखन येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

माझं गाव झाडीपट्टीत, वडशाच्या पलीकडं. सातवी झाली आणि आठवीची शाळा नदीपलीकडं निघाली. त्याच वर्षी मामाला रंग घोटायला माणूस पाहिजे होता. मामा नाटकाचे पडदे रंगवायचा. आमच्याकडं थंडीत गावोगाव नाटकं होतात, त्यांना महाल, जंगल, रस्ता असे पडदे लागतात. मी रंग घोटायला बसलो आणि शाळा राहिली ती राहिलीच. पडद्याच्या वर नाटक मंडळाचं नाव लिहावं लागायचं, ते मामानं मला शिकवलं. अक्षर म्हणजे चित्र, असं तो म्हणायचा. क ला एक पोट, ळ ला दोन पोटं, ह ला शेपूट. पोट गोल आलं, शेपूट वळलं, की अक्षर झालं. त्याचा अर्थ काय हे बघायचं काम ज्यानं कागद दिला त्याचं.

पुढं एका पाट्यांच्या ठेकेदाराबरोबर इकडं, या शहरात आलो. ठेकेदार परत गेला, मी राहिलो. पडेगावात एक खोली घेतली, लग्न करून बायकोला आणलं. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, शाळेच्या भिंती असं काम करत गेलो. मी 'मले-तुले' म्हटलं की लोक हसायचे, म्हणून हळूहळू 'मला-तुला' म्हणायला लागलो. तरी 'तुम्ही इकडचे नाही ना?' हा प्रश्न वीस वर्षांत सुटला नाही. विचारणारे वाईट नसतात. चहा पाजून विचारतात.

ताई मला भेटल्या त्या एका वखारीत. पडेगावच्या रस्त्याला लाकडाची एक जुनी वखार होती, बंद पडलेली. मालक एक म्हातारे चाचा. ताई पिशोरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, इथं कॉलेजात शिकवायच्या. ज्यांना मोठ्या नाट्यगृहात कोणी उभं करत नाही अशांसाठी त्यांना तीन दिवसांचा कार्यक्रम करायचा होता. कोणी पोतराजाचा खेळ नव्यानं मांडणार होतं, कोणी शिवणाच्या मशीनच्या आवाजावर नाचणार होतं. चाचांनी वखार फुकट दिली होती. मी चाचांच्या फाटकाचा नंबर रंगवत होतो, तेवढ्यात ताई आल्या आणि एक कागद हातात ठेवला.

"दादा, कापडावर लिहून द्याल का? मोठं. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

कागदावर घाईनं लिहिलेली एकच ओळ होती. मी घरी आलो, मांजरपाट ताणला, सरळ ओळीसाठी खडूची दोरी मारली आणि कागद वाचला. पहिला शब्द लागेना. प, मग या, मग यी. मधल्या या वर एक आकडा होता, पेन झटकल्यासारखा. तो मी धरला नाही. ताई घाईत होत्या, पेन घसरलं असणार. पण मग 'पयायी' उरत होतं आणि असा शब्द मी कुठं ऐकला नव्हता. बराच वेळ बघत बसलो. मग उलगडलं. ताईंचा घाईघाईत रा चा या झाला होता. परायी. हा शब्द मला माहीत होता. आमच्या नाटकांत लेक सासरी निघाली की हमखास यायचा. मी ताईंची चूक सुधारली आणि कापडावर दोन हात उंच लिहिलं, 'परायी कला महोत्सव'. लाल अक्षर, काळी सावली. खरं सांगतो, इतकं चांगलं अक्षर मी आधी काढलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी ते वखारीच्या फाटकावर बांधलं आणि खाली उतरलो. ताई बाहेर आल्या, वर बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. त्यांच्याबरोबर कॉलेजची पाच-सहा पोरं-पोरी होती. त्यातल्या एकीनं तोंडावर हात ठेवला.

"काका, रफार खाल्ला तुम्ही," ती म्हणाली.

मला काय खाल्लं ते कळेना. तिनं मातीत काडीनं लिहून दाखवलं. पर्यायी. म्हणजे, ती म्हणाली, एक रस्ता बंद असला तर दुसरा. तो आकडा म्हणजे पेन घसरलेलं नव्हतं. तो अर्धा र होता.

 कापड वाया, रंग वाया, आणि लोक तासाभरात येणार. मी शिडी परत लावायला लागलो तर चाचांनी शिडीचा पाय धरला. त्यांना मराठी वाचता यायचं, हळूहळू.

"परायी," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सही तो लिखा. निकालता कायकू? इधर अपना कौन है? ये तेरी बाई पिशोर की, तू कहाँ जंगल का, मेरेकू मेरे बच्चेच नहीं पूछते. सब पराये च हैं."

ताई हसायला लागल्या, हसता हसता खाली ओट्यावर बसल्या. "असू द्या दादा. मी एवढा विचार करून नाव ठेवलं आणि तुम्ही त्याच्यापेक्षा भारी ठेवलं. लई भारी झालंय. राहू द्या."

मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणतायत. पण त्या दिवशी कार्यक्रम सुरू करताना त्यांनी माईकवर सांगितलं, की या महोत्सवाचं नाव आमच्या पेंटरनं ठेवलंय. लोक मागं वळून बघायला लागले. मी रंगाच्या डब्यांमागं उभा होतो. दुपारी सगळे वखारीतच पंगतीला बसले, भाकरी, पिठलं, ठेचा. ताईंनी माझ्यासाठी शेजारी जागा धरून ठेवली होती. या शहरात कोणी माझ्यासाठी जागा धरायची ती पहिली वेळ.

त्यानंतर ताईंनी एक काम कायमचं माझ्याकडं दिलं. फाटकाजवळ एक काळी पाटी असायची. रोज सकाळी त्या दिवशीचे कार्यक्रम मी त्यावर लिहायचे. येणारा प्रत्येक जण आधी पाटीपाशी थांबायचा. कोणी विचारायचं, "पेंटरकाका, आज काय बघू?" आणि मी सांगायचो, दोनचं बघा, चारचं तेवढं नाही. सातवी झालेला माणूस, आणि मी सांगेन तिथं लोक जाऊन बसायचे. वर्षातले तीन दिवस. बाकीचं वर्ष मी त्या तीन दिवसांकडं बघत काढायचो. बायको म्हणायची, "दिवाळीचं इचारत नाई तुमी, त्या वखारीचंच इचारता."

महोत्सव वाढत गेला. तीनाचे पाच दिवस झाले. सिल्लोडहून, कन्नडहून लोक यायला लागले, मग पुणे-नागपूरहून. रिक्षावाले पडेगावच्या रस्त्याला हाक द्यायचे, "परायी, परायी." कोणी पूर्ण नाव घेत नव्हतं. मी दर वर्षी नवं कापड लिहायचो आणि दर वर्षी तेच, रफाराशिवाय. आता ती चूक राहिली नव्हती. पण आत एक भीती बसली ती बसली. एखाद्या पाटीवर 'कार्यालय' लिहायचं असलं की मी गिऱ्हाईकाकडून छापील कार्ड मागून घ्यायचो आणि बघून उतरवायचो. न बघता रफार द्यायला हात धजायचा नाही. कुणाच्या डोक्यावर द्यायचा, आधीच्या की नंतरच्या? ताईंनी एकदा सांगितलं होतं. मी व्हय व्हय म्हटलं आणि विसरलो. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

तोवर माझा धंदा बसत चालला होता. फ्लेक्स आले, दुकानदार एका तासात पाटी घेऊन जायला लागले. मधे शहराचं नाव बदललं तेव्हा थोडे दिवस काम आलं. जुन्या पाट्यांवरची पत्त्याची शेवटची ओळ तेवढी बदलून पाहिजे असायची. जुनं नाव होतं तेवढ्या जागेत नवं बसायचं नाही. अक्षरं चेपून चेपून बसवायचो. ते काम संपलं आणि मग फारसं काहीच आलं नाही. उरले ते महोत्सवाचे दिवस.

चाचांचे गुडघे गेले. ते सिल्लोडला मुलीकडं राहायला गेले आणि वखार विकली गेली. जाताना मला म्हणाले, "पेंटर, मेरा फाटक का नंबर तो रह गया, आधा च लिखा था तूने." मी म्हटलं, लिहितो की. म्हणाले, "अब किसके वास्ते?"

महोत्सव एका मोठ्या लॉनवर गेला, जालना रोडच्या बाजूला. आता त्याला समिती होती, देणगी देणाऱ्या कंपन्या होत्या, परवानग्या होत्या. अर्जावर नाव बरोबर पाहिजे, असं कोणीतरी म्हणालं. दुसरं कोणी म्हणालं, परायी म्हणजे काय, परकी कला? लोक आक्षेप घेतील. ताई माझ्यासाठी भांडल्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. शेवटी त्या स्वतः खोलीवर आल्या, बायकोच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "दादा, नाव आता नीट लिहावं लागेल. राग धरू नका."

राग कशाचा? मूळ नाव त्यांचंच होतं. मी तसं म्हटलंही. त्या वर्षीचं कापड मी मोबाईलमधला शब्द बघून लिहिलं. कापड आतल्या मंडपात लागलं, गेटवर फ्लेक्स होता. पण काळी पाटी माझीच होती, म्हणून मी काही मनाला लावून घेतलं नाही.

त्याच वर्षी कॉम्प्युटरवर अक्षरं तयार करणारी एक मुलगी आली. लई गुणी. माझ्या पाटीसमोर मांडी घालून बसली आणि तासभर बघत राहिली.

"काका, तुमच्या हातचं अक्षर आम्हाला जपून ठेवायचंय. तुम्ही सगळी अक्षरं लिहून द्याल? म्हणजे त्याचा फॉन्ट करता येईल. मग कोणालाही तुमच्या अक्षरात लिहिता येईल."

"कोणालाही?"

"हो. जगात कुठंही."

मला गावाकडचा मामा आठवला. त्याचं अक्षर एकाही कापडावर शिल्लक नाही. मी हो म्हटलं. तिनं जाड कागदाचे गठ्ठे दिले आणि एक यादी दिली. अ पासून ज्ञ पर्यंत, मग बाराखड्या, मग जोडाक्षरं. एकच अट घातली. छापील बघून नका लिहू, तुमच्या हातचं आलं पाहिजे.

मी सात-आठ दिवस खोलीत बसून लिहीत होतो. बायको दारातून डोकावायची.

"का जी, आता शाळेत नाव टाकलं का तुमी?"

"टाकलं."

"मंग मास्तर मारते का नाई?"

यादीत शेवटून दुसरं पान रफाराचं होतं. र्क, र्म, र्व, र्य. तिथं हात थांबला. बघून लिहायचं नाही, आणि न बघता येत नाही. ताईंना विचारू म्हणून पान बाजूला ठेवलं. दोनदा फोन केला, त्या बैठकीत होत्या. गठ्ठा द्यायचा दिवस आला तेव्हा ते पान कोरंच दिलं. मुलीनं चाळून बघितलं. मी आधीच म्हटलं, "ते एक राहिलंय." ती म्हणाली, "असू दे काका, रफार काय, तो मी बसवते." तिनं एका कागदावर सही घेतली. पुढच्या वर्षी समारोपाच्या दिवशी मला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. लोक उभे राहिले. मी हात जोडले. बायको पहिल्या रांगेत होती. घरी येईपर्यंत तिनं शाल मला खांद्यावरून काढू दिली नाही.

यंदा महोत्सव जवळ आला तसा मी ब्रश धुऊन ठेवले. दर वर्षी साधारण महिनाभर आधी फोन येतो. आला नाही. मला वाटलं, मोठा व्याप आहे, उशीर होणारच. एका दुकानाच्या शटरचं काम आलं होतं, ते मी त्या तारखांसाठी नाही म्हणून सांगितलं. बायकोनं फक्त ब्रशांकडं बघितलं. मग फोन आला. त्या फॉन्टवाल्या मुलीचा.

"काका, बरे आहात ना? एक काम होतं."

"सांगा ना. कधीपासून येऊ?"

"यायची गरज नाही काका. ते पहिल्या वर्षीचं कापड आहे का हो तुमच्याकडं? परायीवालं? आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

होतं. ट्रंकेत घडी घालून, कडुनिंबाचा पाला टाकून ठेवलं होतं. माणूस आला, घेऊन गेला. पाटीचं विचारायचं माझ्या तोंडातून निघालंच नाही. म्हटलं, समोर जाऊन विचारू. फोनवर माणूस चटकन नाही म्हणतो.

पहिल्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून मी लॉनवर गेलो. ब्रश आणि खडूची पेटी पिशवीत होती. गेटवरच्या बाईंनी नोंदणी विचारली. मी म्हटलं, मी पेंटर. त्या म्हणाल्या, कलाकारांचं गेट मागच्या बाजूला. मी मागं न जाता तिथंच वर बघत उभा राहिलो. गेट दोन मजली होतं आणि त्यावर माझं अक्षर होतं. क चं पोट माझं, ह चं शेपूट माझं, सावलीसुद्धा मी टाकतो तशी. खाली कंपन्यांची नावंही माझ्याच अक्षरात. कपांवर, पिशव्यांवर, संडासाकडं जाणाऱ्या बाणावर, सगळीकडं. आणि 'पर्यायी'च्या मधोमध तो रफार. तो माझा नव्हता. बारीक, टोकदार, कुठल्या तरी छापील अक्षरावरून आणलेला. माझ्या गुबगुबीत या च्या डोक्यावर तो विळ्यासारखा बसला होता. दुसऱ्या कोणाला दिसत नसावा. शेकडो माणसं त्याच्याखालून आत जात होती.

ताई दिसल्या. केस पांढरे झालेत आता. त्यांनी गर्दीतून येऊन माझे दोन्ही हात धरले.

"दादा, बघितलं का? सगळीकडं तुम्हीच आहात."

"व्हय ताई. लई छान झालंय."

"फोन करायचा राहूनच गेला बघा. जेवल्याशिवाय जायचं नाही, हे कूपन घ्या."

"ताई, पाटी कुठं ठेवलीय? लिहून टाकतो. अजून वेळ आहे."

त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं. पेटीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांच्या लक्षात आलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मलाच वाईट वाटलं, की मी त्यांना अशा जागी धरलं.

"पाटी यंदा नाही दादा. स्क्रीन लावलेत. कार्यक्रम सारखे बदलतात ना." मग हळूच म्हणाल्या, "अक्षर तुमचंच आहे त्याच्यावर."

"बरं झालं. पुसायची कटकट नाही."

त्यांना कोणीतरी हाक मारली. मला आत सोडायला सांगून त्या गेल्या, जाताना दोनदा मागं वळून बघितलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी जागा धरली नसती तर मला या शहरात जागा म्हणजे काय हेच कळलं नसतं. फक्त आता तिथं मी नसलो तरी चालतं. माझं सगळं मीच लिहून दिलं होतं, एक पान सोडून.

आत एका कोपऱ्यात माझं कापड होतं. लाकडी चौकटीत, वर दिवा. लोक रांगेनं त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. एक जण आपल्या बायकोला म्हणत होता, "रफारच विसरलाय बघ," आणि दोघं हसत होते. तसं हसणं आम्हीही हसलो होतो, ओट्यावर बसून. पण तेव्हा शिडी माझी होती आणि तिचा पाय चाचांनी धरला होता. चौकटीच्या खाली एक छोटी चिठ्ठी होती, माझ्याच अक्षरात छापलेली. मी जवळ जाऊन बोट न लावता वाचली. 'महोत्सवाचा पहिला फलक. एका स्थानिक पेंटरच्या हातून झालेली गोड चूक.'

मी ते दोनदा वाचलं. जेवण न करता बाहेर पडलो, कूपन खिशातच राहिलं. लॉनच्या बाहेर बसथांब्यावर बराच वेळ बसून होतो. गावी परत जावं असा विचार आला. पण मागच्याच महिन्यात भावाचा फोन आला होता, की आता नाटकांचे पडदेसुद्धा छापून येतात. महाल, जंगल, रस्ता, सगळं.

घरी आलो तर बायको दारातच होती. पिशवीतली पेटी तशीच भरलेली बघून तिनं पाटीचं काही विचारलं नाही. पाणी दिलं.

"आपलं कापड लावलं होतं का जी?"

"लावलं होतं. चौकटीत."

"अन् तुमचं नाव?"

"नाव नव्हतं. स्थानिक पेंटर असं लिहिलं होतं."

"स्थानिक म्हनजे?"

"इथलाच. इथं राहणारा."

तिनं रिकामा तांब्या हातातून घेतला. मग हसली. फार हसली नाही.

"पंगतीत बसवलं तवा परायी म्हनत होते. आता इथले झाले तं बलावनं बंद." मग पदरानं डोळा पुसून म्हणाली, "गावाकडं नका सांगू बाप्पा. ते म्हनतीन, तिकडले झाले तं मंग आता इकडं कायले येता."

मी ब्रश पिशवीतून काढून पुसले आणि कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवले, कापडाच्या रिकाम्या जागी. कडुनिंबाचा पाला अजून तिथंच पडलेला होता. सकाळी त्या शटरवाल्याकडं जाऊन आलो. त्यानं दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, शटरच्या वर फ्लेक्स लावून. अक्षर माझंच होतं.